पहिला सामाईक विषय

वादविवादाचे शिक्षण देणाऱ्या शिक्षकापुढे वर्षाच्या आरंभी जे प्रश्न उभे राहतात, त्यांत विषयनिवडीचा प्रश्न सर्वांत सोपा वाटतो, आणि म्हणूनच त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. स्पर्धेचा दिवस ठरतो, सभागृह ठरते, परीक्षक ठरतात. आणि अगदी शेवटी कोणीतरी एखादा विषय सुचवितो. 'विज्ञान : शाप की वरदान?', 'लेखणी श्रेष्ठ की तलवार?', 'पैसा श्रेष्ठ की विद्या?' हे विषय आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. त्यांवर भाषणे पुष्कळ होतात, परंतु वाद क्वचितच होतो. एक बाजू विज्ञानाची स्तुती करते, दुसरी त्याची निंदा करते; दोघांनाही टाळ्या मिळतात आणि कोणाचेही मत तसूभरही हलत नाही.

या दुर्लक्षाचे परिणाम शिक्षकाला तत्काळ दिसत नाहीत. आठवी-नववीतील एखादा विद्यार्थी प्रथमच चार लोकांसमोर उभा राहतो, तेव्हा तो केवळ स्पर्धेत भाग घेत नसतो. आपल्याला विचार करता येतो की नाही, आणि केलेला विचार इतरांना ऐकविण्याच्या योग्यतेचा आहे की नाही, याची तो परीक्षा घेत असतो. ज्याच्या घरी पुस्तके आहेत आणि भाषण लिहून देणारे वडीलधारे माणूस आहे, तो कोणत्याही विषयावर पाच मिनिटे बोलू शकतो. ज्याच्या घरी यांपैकी काहीच नाही, तो दोन वाक्यांनंतर अडखळतो, आणि 'हे आपले काम नव्हे' असा निष्कर्ष काढून पुन्हा येत नाही. दोष वस्तुतः विषयाचा असतो. शिक्षा मात्र विद्यार्थ्याला होते. म्हणून नवशिक्यांचा पहिला विषय कोणता असावा, आणि तो सर्वांना एकच का असावा, या दोन प्रश्नांचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

एकच विषय कशासाठी?

समजा, चार शाळांतील चोवीस विद्यार्थ्यांचे बारा संघ आहेत, आणि सहा आठवडे दर शनिवारी ते एकमेकांशी वाद करणार आहेत. दर शनिवारी नवा विषय दिला, तर प्रत्येक संघ सहा विषयांवर प्रत्येकी एकदाच, आणि तेही एकाच बाजूने बोलेल. उलट सर्वांना सहाही आठवडे एकच विषय दिला, तर प्रत्येक संघाला तीन वेळा अनुकूल आणि तीन वेळा प्रतिकूल बाजू मांडता येईल.

हा फरक केवळ संख्येचा नाही. पहिल्या शनिवारी एखाद्या मुलीचा युक्तिवाद फसला, तर तो का फसला याचा विचार करण्यास तिला आठवडा मिळतो, आणि दुसऱ्या शनिवारी तोच युक्तिवाद सुधारून मांडता येतो. विषय बदलल्यास ही संधी नाहीशी होते. आपली चूक तर्कात होती, मांडणीत होती की माहितीच्या अभावात होती, हे तिला कधीच कळत नाही. तालीमखान्यात नवा मुलगा येतो तेव्हा वस्ताद त्याला रोज नवा डाव दाखवीत नाही. एकच डाव अनेक जोडीदारांबरोबर घोटवून घेतो. वादविवादाचेही तसेच आहे.

सामाईक विषयाचा आणखी एक लाभ आहे. माहिती गोळा करण्याचे काम सर्वांमध्ये वाटले जाते. एका शाळेच्या संघाने शोधलेली आकडेवारी पहिल्या फेरीनंतर सर्वांची होते, कारण ती सर्वांनी ऐकलेली असते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत ज्याच्या घरी पुस्तके आहेत तो आणि ज्याच्या घरी नाहीत तो, हे दोघेही जवळजवळ समान शिदोरी घेऊन उभे राहतात. त्यापुढे जो जिंकतो तो अधिक चांगला विचार केल्यामुळे जिंकतो.

अन्य देशांतील अनुभवही याच दिशेने जातो. अमेरिकेत माध्यमिक शाळांतील वक्तृत्व आणि वादविवाद यांची एक राष्ट्रीय संघटना 1925 पासून कार्य करीत आहे. तेथील वादविवादाच्या एका प्रकारात संपूर्ण देशभर वर्षभर एकच विषय चालतो. दुसऱ्या एका प्रकारात अनुभवी स्पर्धकांचे विषय ठराविक काळाने बदलतात. परंतु नवशिक्यांसाठी हंगामाच्या पहिल्या दोन महिन्यांकरिता एक स्वतंत्र विषय सुचविलेला असतो. लोकशाहीतील सविनय कायदेभंग नैतिकदृष्ट्या समर्थनीय आहे काय, हा तो विषय. तो वर्षानुवर्षे तोच ठेवण्यात आल्यामुळे मागील वर्षीचे विद्यार्थी या वर्षीच्या नवशिक्यांना शिकवू शकतात.

आपल्याकडील जुनी दृष्टी

या बाबतीत आपणास केवळ बाहेरच पाहावे लागते असे मात्र नाही. न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. सत्य जाणून घेण्याच्या हेतूने प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे केलेली चर्चा म्हणजे वाद. केवळ जिंकण्यासाठी, छल करूनही केलेली चर्चा म्हणजे जल्प. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता दुसऱ्याचे नुसते खंडन करीत राहणे म्हणजे वितंडा. आपल्या बहुतेक शालेय स्पर्धा वादाच्या नावाखाली जल्प शिकवितात, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. याचे एक कारण असे की, दिलेल्या विषयात जाणून घेण्यासारखे काही नसतेच. 'लेखणी श्रेष्ठ की तलवार' या प्रश्नाचे उत्तर शोधावयास कोणीही ग्रंथालयात जात नाही.

शास्त्रग्रंथांची दुसरी देणगी म्हणजे पूर्वपक्षाची शिस्त. प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम त्याच्याच ताकदीने मांडावयाचे, आणि नंतर त्याचे उत्तर द्यावयाचे. एकाच विषयावर दोन्ही बाजूंनी आलटून पालटून बोलावे लागले, की ही शिस्त मुलांच्या अंगी आपोआप बाणते. गेल्या शनिवारी ज्या बाजूने आपण तळमळीने बोललो, ती या शनिवारी मूर्खपणाची ठरविणे कोणालाही सोपे जात नाही.

विषयाच्या कसोट्या

पहिल्या विषयाची निवड करताना शिक्षकाने पुढील पाच कसोट्या लावाव्यात.

पहिली कसोटी : दोन्ही बाजू प्रामाणिक माणसाला घेता येण्याजोग्या असाव्यात. 'भ्रष्टाचार वाईट आहे काय?' यावर वाद होऊ शकत नाही.

दुसरी : पुरावा विद्यार्थ्याच्या पायांच्या टप्प्यात असावा. चालत जाऊन जे पाहता येते आणि शेजाऱ्याला जे विचारता येते, त्यावर सर्व मुलांचा सारखाच हक्क असतो.

तिसरी : विषयात एकच प्रश्न असावा, आणि त्यातील शब्दांचा अर्थ नवव्या वर्षीच्या भावंडालाही समजावून सांगता यावा. 'असावा की नसावा' या स्वरूपाचा ठराव 'श्रेष्ठ कोण' या स्वरूपाच्या प्रश्नापेक्षा नेहमीच अधिक उपयोगी ठरतो.

चौथी : विषय सहा आठवडे टिकला पाहिजे. पहिल्या दिवशी जे युक्तिवाद सुचतात त्यांच्याखाली आणखी एक थर असला पाहिजे, आणि त्या थराखाली आणखी एक.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची : कोणत्याही मुलाला स्वतःच्या घराच्या, जातीच्या, धर्माच्या किंवा मातृभाषेच्या अस्तित्वाविरुद्ध बोलण्याची पाळी येऊ नये. अनुभवी वक्ता असा भार पेलू शकेल. पहिल्यांदा उभा राहिलेला चौदा वर्षांचा मुलगा नाही.

बनशंकरीतील एक निवड

या कसोट्या प्रत्यक्षात कशा लावाव्यात हे पाहण्यासाठी आपण बंगळूरच्या दक्षिण भागातील बनशंकरी या वसाहतीत आहोत असे समजू. या भागाला कनकपुरा रस्त्यावरील बनशंकरी देवीच्या मंदिरावरून नाव मिळाले. देवीचे मूळ स्थान बदामीजवळ असून महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांची ती कुलदेवता आहे. नगरविकास प्राधिकरणाने टप्प्याटप्प्याने वाढविलेल्या या वसाहतीत जुनी बैठी घरे आहेत, तीन-तीन मजली भाड्याची घरे आहेत आणि उंच इमारतीही आहेत. 2017 पासून येथे मेट्रोचे स्थानक आहे. येथील एखाद्या माध्यमिक शाळेच्या वर्गात कन्नड, तेलुगू, तमिळ, उर्दू आणि मराठी अशा निरनिराळ्या भाषा घरी बोलणारी मुले शेजारी शेजारी बसलेली आढळतील.

शिक्षकाने मुलांनाच विषय सुचविण्यास सांगितले, तर 2024 च्या उन्हाळ्याची आठवण असलेली मुले पाण्याचे नाव घेतील यात शंका नाही. त्या उन्हाळ्यात शहरातील अनेक कूपनलिका आटल्या, आणि मार्च महिन्यात पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी मोटारी धुण्यासाठी व बागांसाठी वापरण्यास मनाई करून पाच हजार रुपयांचा दंड जाहीर केला. पाणी हा विषय प्रत्येक घरात शिरलेला आहे. दुसरी कसोटी तो सहज उतरतो.

परंतु कोणते पाणी? येथे शिक्षकाची खरी परीक्षा आहे. सहज ओठावर येणारा विषय म्हणजे कावेरीच्या पाण्याचे वाटप. बंगळूरला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून आणि सुमारे पाचशे मीटर उंच चढवून आणावे लागते. 1974 साली या योजनेचा पहिला टप्पा सुरू झाला आणि ऑक्टोबर 2024 मध्ये पाचवा. विषय महत्त्वाचा आहे, माहितीही विपुल आहे. तथापि 1991 साली आणि पुन्हा 2016 साली याच प्रश्नावरून या शहरात तमिळ भाषकांना हिंसाचाराची झळ पोहोचली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली निकाल दिला, म्हणून घराघरांतील आठवणी पुसल्या गेल्या असे नाही. ज्या वर्गात तमिळ घरातील मुलगी बसली आहे, त्या वर्गाला पहिल्याच महिन्यात हा विषय देणे म्हणजे तिला एकटीला उभे करणे होय. हाच नियम महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नालाही लागू पडतो. तेथे ती पाळी मराठी घरातील मुलावर येते. पाचव्या कसोटीवर हे दोन्ही विषय बाद होतात. ते कधीच घेऊ नयेत असे नव्हे; ते प्रथम घेऊ नयेत.

म्हणून आपण नदीचे पाणी सोडून छपरावरचे पाणी घेऊ. 2009 साली कायद्यात दुरुस्ती होऊन बंगळूरमध्ये पर्जन्यजलसंचय, म्हणजे छपरावर पडणारे पावसाचे पाणी साठविण्याची किंवा जमिनीत मुरविण्याची व्यवस्था, ठराविक क्षेत्रफळाच्या आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर सक्तीची करण्यात आली. ती न करणाऱ्यांच्या पाणीबिलावर अधिभार पडतो. लहान भूखंड मात्र या सक्तीतून मोकळे आहेत. यावरून ठराव असा मांडता येईल : 'बंगळूरमधील प्रत्येक घरमालकावर, त्याचा भूखंड लहान असो वा मोठा, पर्जन्यजलसंचयाची सक्ती असावी.' या ठरावात आज जे चालू आहे त्यात बदल सुचविलेला आहे. बदल सुचविणाऱ्याने प्रथम त्याचे कारण दिले पाहिजे, हा वादविवादाचा पहिला नियम मुलांना व्याख्येशिवाय समजतो.

युक्तिवादाची उभारणी

आता या विषयात सहा आठवडे पुरेल इतके द्रव्य आहे काय ते पाहू. बंगळूरमध्ये वर्षाला सरासरी 900 मिलिमीटरहून थोडा अधिक पाऊस पडतो. हिशेबाच्या सोयीसाठी 900 धरू. 100 चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षभरात 90,000 लिटर पाणी पडेल. उडून जाणारे आणि पहिल्या सरीबरोबर सोडून द्यावयाचे पाणी वजा जाता त्यातील आठ-दशांश हाती लागले, तरी ते 72,000 लिटर होते. शहरांसाठी दरमाणशी दररोज 135 लिटर हे सर्वमान्य प्रमाण धरल्यास चार माणसांच्या कुटुंबाला दिवसाला 540 लिटर लागतात. म्हणजे हे पाणी सुमारे 133 दिवसांची, जवळजवळ साडेचार महिन्यांची गरज भागवील. हा गुणाकार आठवीतील कोणताही मुलगा स्वतः करू शकतो, आणि स्वतः केलेला हिशेब तो कोणासमोरही न डगमगता सांगतो.

न्यायशास्त्रातील पाच अवयवांचा उपयोग येथे करून दाखवावा. लहान भूखंडांनाही सक्ती असावी, ही प्रतिज्ञा. कारण त्यांच्या छपरांवरचे उपयोगी पाणी आज गटारात वाहून जाते, हा हेतू. जेथे छप्पर आहे आणि पाऊस आहे तेथे साठविण्याजोगे पाणी मिळते, जसे 100 चौरस मीटरच्या गच्चीवर, हे उदाहरण. पन्नास चौरस मीटरचे छप्परही तसेच आहे आणि ते 36,000 लिटर देईल, हा उपनय. म्हणून सक्ती सर्वांना असावी, हे निगमन. पाचांपैकी एक पायरी गाळली की युक्तिवाद कोठे लंगडतो, हे फळ्यावर चटकन दाखविता येते.

आता प्रतिपक्ष. पाऊस वर्षभर सारखा पडत नाही. त्याचा मोठा भाग मे ते ऑक्टोबर या काळात येतो, आणि टंचाई जाणवते ती फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. 72,000 लिटर पाणी एकदम साठवावयाचे तर सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि दोन मीटर खोल टाके लागेल. लहान भूखंडाच्या मालकाने ते कोठे बांधावे? यावर अनुकूल पक्ष म्हणेल की, टाके वर्षातून अनेकदा भरते आणि रिकामे होते, शिवाय उरलेले पाणी जमिनीत मुरविता येते. प्रतिपक्ष विचारील की, मुरविलेले पाणी शेजाऱ्याच्या कूपनलिकेत गेले, तर खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, हे न्याय्य आहे काय? आणि येथे दुसरा थर लागतो : सर्वांच्या हितासाठी एका व्यक्तीवर किती भार टाकावा? भाड्याने राहणाऱ्या कुटुंबावर हा खर्च भाडेवाढीच्या रूपाने येणार नाही काय? सक्ती करावी की अनुदान द्यावे? तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुले गच्चीवरून उतरून राज्यशास्त्राच्या दाराशी येऊन पोहोचतात, आणि आपण तेथे पोहोचलो हे त्यांना कळतही नाही.

पुरावा जमविण्यासाठी दूर जावे लागत नाही. स्वतःच्या गल्लीतील किती छपरांना पाणी खाली आणणारा नळ जोडलेला आहे हे मोजावे. घरमालक आणि भाडेकरू अशा दोघांनाही विचारावे. पाण्याचे बिल वाचावयास शिकावे. शेजारच्या जयनगरात पाणीपुरवठा मंडळाने पर्जन्यजलसंचयाचे निरनिराळे प्रकार दाखविणारे उद्यान उभारले आहे. तेथे एक सकाळ घालविता येईल. ज्या मुलाचे वडील नळजोडणीचे काम करतात, तो या वर्गात अकस्मात सर्वांत मोठा जाणकार ठरतो. चांगल्या पहिल्या विषयाची यापेक्षा अधिक खात्रीची खूण नाही.

दुसरी पायरी

सहा आठवड्यांनंतर वर्ग तत्त्वाच्या प्रश्नाला तयार झालेला असतो. तेव्हा सविनय कायदेभंगाचा विषय घ्यावा. आपल्या देशात त्याला लागणारी सामग्री परकी नाही. 1930 साली दांडीला मीठ उचलले गेले, तसेच कर्नाटकात अंकोल्याला आणि कोकणात शिरोड्यालाही सत्याग्रह झाला. परंतु तो परकीय सत्तेविरुद्ध होता. स्वतःच निवडलेल्या सरकारचा कायदा मोडता येतो काय? 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीपुढील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असे प्रतिपादन केले की, घटनात्मक मार्ग खुले झाल्यावर कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह हे मार्ग सोडून दिले पाहिजेत. हे सांगणारा नेता 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याच्या हक्कासाठी हजारोंसह गेलेला होता. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये न्यायालयाची मनाई येताच त्याने सत्याग्रह स्थगित करून कायद्याची वाट धरली होती. ती वाट 1937 साली उच्च न्यायालयाच्या अनुकूल निकालापर्यंत गेली. दहा वर्षे वाट पाहणे योग्य होते काय, या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी मोठी माणसे उभी आहेत. म्हणूनच हा विषय पहिला नव्हे तर दुसरा असावा. ज्याला प्रतिपक्षाचा आदर करण्याची सवय जडली आहे, त्यालाच तो पेलतो.

काही आक्षेप

एकच विषय कंटाळवाणा होतो, असा आक्षेप घेतला जातो. अनुभव असा आहे की कंटाळा प्रथम शिक्षकाला येतो, विद्यार्थ्याला नव्हे. शिक्षकाने तीच वाक्ये पंधरा वेळा ऐकलेली असतात. विद्यार्थी ती प्रथमच रचीत असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : सामाईक विषयावर तयार भाषणे फिरू लागतात. यावर उपाय असा की, भाषणाचा वेळ कमी करून प्रश्नोत्तरांचा वेळ वाढवावा. पाठ केलेले भाषण पहिल्या प्रश्नाशीच थांबते. तिसरा आक्षेप असा की, विषय निवडणाऱ्याचे मत नकळत मुलांवर लादले जाते. हे खरे आहे. म्हणून निवड एकट्याने करू नये. दोन-तीन शाळांच्या शिक्षकांनी आणि मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांनी मिळून ती करावी, आणि सहा आठवड्यांत कोणत्या बाजूने किती वेळा विजय मिळविला याची नोंद ठेवावी. एकच बाजू सतत जिंकत असेल, तर दोष वक्त्यांचा नसून ठरावाच्या शब्दरचनेचा आहे असे समजून तो दुरुस्त करावा.

शेवटी, विषय केव्हा सोडावा? पहिल्या दिवशी अडखळलेला मुलगा जेव्हा दुसऱ्याचे बोलणे मध्येच थांबवून 'तुमचा हिशेब बरोबर आहे, पण त्यावरून तुमचा निष्कर्ष निघत नाही' असे म्हणू लागेल, तेव्हा पहिल्या विषयाचे काम संपले असे समजावे.

स्वाध्याय

1. आपल्या गावातील तीन विषय निवडून त्यांना वरील पाच कसोट्या लावा. कोणता विषय कोणत्या कसोटीवर बाद होतो?

2. आपल्या गावातील वार्षिक पर्जन्यमान घेऊन शाळेच्या छपरावर पडणाऱ्या पाण्याचा हिशेब करा. त्या हिशेबाचा उपयोग प्रथम अनुकूल आणि नंतर प्रतिकूल बाजूने करून दाखवा.

3. 'दूरदर्शन : शाप की वरदान?' या विषयाचे 'असावा' किंवा 'नसावा' असा शेवट असलेल्या ठरावात रूपांतर करा.

4. आपणास मुळीच न पटणारे एखादे मत पाच वाक्यांत असे मांडा, की ते मत बाळगणाऱ्या माणसाला ते आपलेच वाटेल.